तापाचा हिशेब

चिंचपोकळीचं कस्तुरबा रुग्णालय मुंबईकरांना ठाऊक असतं ते साथींच्या बातम्यांमुळे. एके काळी त्याचं नाव आर्थर रोड हॉस्पिटल होतं. १८९६च्या ऑक्टोबरअखेरीस हजारभर गिरणी कामगार या हॉस्पिटलावर चालून गेले. महिनाभर आधी मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचं निदान केलं होतं, आणि महापालिकेची माणसं चाळीचाळींतून रुग्ण उचलून इथं आणत होती. बाहेर बोलवा होती की आत माणसं मारतात, त्यांना टांगून त्यांच्या अंगातली मोमिआई काढतात.

या प्रसंगावर ‘अज्ञान’ असा शिक्का मारून पुढं जायची आपल्याकडे रीत आहे. मला ते पटत नाही. चाळीच्या गॅलरीत उभ्या असलेल्या माणसाला काय दिसत होतं? डोली येते, शेजाऱ्याला घेऊन जाते, शेजारी परत येत नाही. प्लेगवर तेव्हा औषध नव्हतं. घरचे लोक रुग्णाला माळ्यावर, मोरीत, मिळेल तिथं लपवून ठेवत, त्यामुळे तो हॉस्पिटलात पोचायचा तोच अखेरच्या घटका मोजत. म्हणजे ‘तिथं गेलेला जगत नाही’ हे निरीक्षण बरोबर होतं. चुकला तो त्यामागचा कार्यकारणभाव. आणि एकदा तो असा चुकला की लोक आणखी लपवणार, आणखी उशिरा येणार, आणखी मरणार आणि समज आणखी घट्ट होणार. साडेआठ लाखांच्या मुंबईतून पुढच्या तीन-चार महिन्यांत साडेतीन लाखांवर माणसं गावाकडे पळाली. तीही डोळ्यांनी पाहिलेल्यावर विसंबूनच पळाली. त्यांच्या बोचक्यांबरोबर प्लेगही गावोगाव गेला.

त्याच ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. ओडेसात जन्मलेले, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेले आणि कलकत्त्यात कॉलऱ्याची लस टोचून आलेले. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या आवारात जागा मिळवून त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मात्रा चांगली १० सीसी. ताप चढला, टोचलेली जागा दुखली, सगळं उतरलं. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा राजी झालेल्या कैद्यांना लस दिली. टोचून घेतलेल्यांत दोघांना प्लेग झाला, मेलं कुणी नाही. न घेतलेल्यांत बारा जणांना झाला, त्यातले सहा गेले.

प्रयोगशाळेच्या वहीत हा मोठाच विजय. गिरणी कामगाराच्या खोलीत मात्र त्याची नोंद वेगळी झाली असणार. तुरुंगात काय घडलं ते त्यानं पाहिलेलं नाही. त्यानं पाहिलं ते एवढंच, की टोचून आलेला जोडीदार तापानं फणफणून वळकटीवर पडलाय, दंड सुजलाय आणि दोन दिवसांचा रोज बुडालाय. प्लेग त्याला होणार होता की नाही, हे कुणालाच सांगता येत नाही. ताप रोख, फायदा उधार. सव्वाशे वर्षांत लसी बदलल्या, सुया बदलल्या, सरकारं बदलली. हा व्यवहार मात्र बदललेला नाही, आणि लसीकरणाबद्दलचे बहुतेक वाद याच एका व्यवहारापाशी येऊन अडतात, असं माझं मत आहे.

हाफकिनना हे कळलं असावं. फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंढेरा गावात त्यांनी जो प्रयोग मांडला, तो पाहिला की असं वाटतं. एकेका घरातली माणसं समोर बसवायची आणि त्याच घरातल्या निम्म्यांना टोचायचं, निम्म्यांना नाही. पाणी तेच, उंदीर तेच, अंथरूण-पांघरूणही तेच. टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले, ३ दगावले. न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि त्यातले २६ गेले. आजच्या कसोटीवर हा प्रयोग नैतिक ठरेल का, हा प्रश्न आहेच. पण लसीचा फायदा एरवी कुणाला दिसत नाही, तो इथं एका छपराखाली दिसला. एका भावाला अंगणातून उचलून नेलं आणि दुसरा ओसरीवर बसून राहिला, हे गावानं पाहिलं.

मुंबईत खोजा समाजाची भीती मोडायला तेव्हा ऐन विशीच्या उंबरठ्यावर असलेल्या आगा खानांनी लोकांदेखत स्वतःला टोचून घेतलं, आणि हाफकिनना प्रयोगशाळेसाठी आपला बंगलाही दिला. पुण्यात मात्र याच्या नेमकं उलट घडत होतं. प्लेग कमिटीचा अध्यक्ष रँड, त्याच्या हाताखाली गोरे शिपाई, घरात बूट घालून शिरणं, बायकांची तपासणी, देव्हाऱ्यापर्यंत गेलेले हात, रस्त्यावर फेकलेलं सामान. २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंडीत चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, ही कथा मराठी माणसाला सांगायला नको. मला त्यातला एक धागा वेगळा काढायचा आहे. रँडच्या मोहिमेत लस मुख्य नव्हतीच. शोधा, उचला, वेगळं ठेवा, जाळा हा सगळा भर होता. पण लोकांच्या मनात सुई आणि संगीन एकाच हातात आहेत असं बसलं ते बसलंच. तोच काळ, तेच पुणे. मार्च १८९७ मध्ये सावित्रीबाई फुले प्लेगनं आजारी पोराला पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचवतात आणि त्याच आजारानं जातात. रुग्णाला घरातून हलवणं रँडही करत होता आणि सावित्रीबाईही.

मग १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावात लस टोचलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वातानं मेले. सगळे एकाच बाटलीतले. हाफकिनना पदावरून दूर केलं गेलं. दोष प्रयोगशाळेचा नव्हता, बाटली गावात उघडताना ती दूषित झाली, हे मान्य व्हायला १९०७ उजाडलं. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे लोक मध्ये पडले म्हणून ते तरी झालं. त्यांच्या प्रयोगशाळेतून परळला उभ्या राहिलेल्या संस्थेला १९२५ मध्ये हाफकिन यांचं नाव मिळालं. पण मुल्कोवालच्या एकोणीस घरांसमोर ‘लाखात एखादा’ हे गणित मांडून दाखवा पाहू. ३१ जानेवारी २०२१ला यवतमाळच्या घाटंजी तालुक्यात कापसी-कोपरी इथं पोलिओच्या थेंबांऐवजी बारा मुलांना सॅनिटायझर पाजलं गेलं. सुदैवानं सगळी वाचली, तिघं निलंबित झाले आणि बातमी महाराष्ट्रभर फिरली. त्याच दिवशी राज्यात लाखो पोरांना बिनचूक डोस मिळाले, त्याची बातमी कशी व्हावी?

देवीचा काळ प्लेगच्याही आधीचा. १८०२च्या जून महिन्यात मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या पोरीला हिंदुस्थानातली पहिली जेन्नरची लस टोचली गेली, आणि तिच्या दंडावरच्या फोडातून पुढच्या मुलांना. म्हणजे कुणाच्या तरी अंगातला पू आपल्या पोराच्या अंगात, मग जात कुठं राहिली? शिवाय देवी म्हणजे देवीच. ती घरात आली तर तिला थंड करायचं, तिला हुसकायचं नाही. सरकारनं १८७७ मध्ये मुंबईत सक्तीचा कायदा केला आणि तरीही देशातून देवी जायला १९७५ उजाडलं. आज साठीपुढच्या कुणाच्याही दंडावर ते दोन गोल व्रण दिसतात. त्यांच्या नातवंडांना ते कशाचे, हे विचारावं लागतं.

हे विचारावं लागणं हाच खरा घोटाळा आहे. लस यशस्वी झाली की रोग नजरेआड जातो, आणि नजरेआडच्या रोगाची भीती कुणाला वाटत नाही. उरतो तो फक्त ताप.

गोवराचंच घ्या. आपल्या घरांत गोवर हा आजार मानायची पद्धतच नव्हती. तो बालपणाचा एक टप्पा, दात येण्यासारखा. दाराला कडुलिंबाचा डहाळा, घरात फोडणी नाही, मनुकांचं पाणी, पोराला अंघोळ नाही, आणि ‘गोवर आत जाऊ देऊ नका’ ही मोठ्यांची ताकीद. यातलं बरंच शहाणपणाचं होतं: मूल वेगळं ठेवलं जाई, विश्रांती मिळे, परक्याचा पाय घरात पडत नसे. घोळ व्हायचा तो पुरळ गेल्यावर. छाती भरून येते, श्वास धापेला लागतो, आणि आजी म्हणते की गोवर अजून पुरता बाहेर पडला नाही, थांबा. ‘आम्हा सगळ्यांना झाला, काही झालं नाही’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं आणि ते सांगणारं माणूस वाचलेलं असतं, एवढी एक गोष्ट त्यात सांगायची राहते. गोवरानं नेलेलं भावंड गोष्टीत येत नाही. पूर्वी पाच-सहा मुलांत एखादं जाणं हे घरोघरचंच होतं, आणि ते गोवरानं गेलं की ‘निमोनिया’नं, की हगवणीनं, हे कोण लिहून ठेवणार? शिवाय गोवर जाताना शरीरानं आधी कमावलेली प्रतिकारशक्तीही पुसून जातो. पोर दोन-तीन महिन्यांनी दुसऱ्याच आजारानं जातं आणि गोवरावर आळ येत नाही.

ऑक्टोबर २०२२च्या अखेरीस गोवंडीच्या रफीनगरमध्ये एकाच घरातली तीन मुलं दोन दिवसांत गेली. तेव्हा कुठं मुंबई हलली. देवनारच्या कचरा डेपोच्या कुशीतली ही वस्ती महापालिकेच्या एम-पूर्व विभागात येते. केंद्राचं पथक आलं, घरोघर पाहणी सुरू झाली, मालेगाव आणि भिवंडीतूनही रुग्ण निघू लागले. अंगावर पुरळ आलेली पोरं जिथं दाखल होत होती ते रुग्णालय कस्तुरबा. नऊ महिन्यांच्या आतली मुलंही आजारी पडत होती, म्हणून सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना जादा डोस द्यायचं ठरलं. गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्यांत बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतो, त्यामुळे शंभरातल्या पंचाण्णव मुलांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. गोवर-रुबेलाची लस बनवणारी जगातली सर्वांत मोठी कंपनी पुण्यात आहे. हडपसरहून गोवंडी जेमतेम दीडशे किलोमीटर.

त्या वेळी वर्तमानपत्रांतून आणि चॅनेलांवरून एकच सूर लागला होता: ‘त्या’ वस्तीतले लोक लसच घेत नाहीत. काही घरांत नकार होता, हे खरं. लस दिली की पोर पुढं बाप होणार नाही, ही अफवा पोलिओच्या काळापासून उत्तरेतल्या गावांत फिरत होती आणि ती तिथून मुंबईत आली. पण ही अफवा आकाशातून पडलेली नाही. आणीबाणीत सरकारी माणूस आणि नसबंदी यांची गाठ पक्की बसली होती. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर करणारं पहिलं राज्य महाराष्ट्र होतं, १९७६ मध्ये. राष्ट्रपतींची संमती आली नाही म्हणून वाचलो. त्या काळात धरून नेलेल्या माणसाचा नातू आज ‘फुकट औषध घरपोच का देताय?’ असं विचारत असेल तर प्रश्न अगदीच वेडगळ नाही. पाणी टँकरनं येतं, गटार येत नाही, दवाखान्यात रांग असते. मग थेंब तेवढे उंबऱ्यावर कसे येतात?

नकाराच्या पलीकडे मात्र राहून गेलेल्यांची गर्दी फार मोठी असते. करोनाच्या दोन वर्षांत सत्रं बंद पडली, माणसं गावी गेली, परत आली, खोली बदलली, कार्ड हरवलं. नऊ महिन्यांचा डोस झाला आणि सोळा महिन्यांनंतरचा राहिला, हे तर सुशिक्षित घरांतही होतं. वर्षाच्या आतल्या लसींची आठवण सगळ्यांना असते, पहिल्या वाढदिवसानंतर ती पातळ होते.

आता जरा आपल्याकडे, म्हणजे हा अंक विकत घेऊन वाचणाऱ्या घरांकडे वळू. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना द्यायच्या, पाच रोगांवरच्या ‘पेंटा’ लसीच्या सुईत डांग्या खोकल्याचे अख्खे, मेलेले जंतू असतात. त्यामुळे ताप येतो, मांडी सुजते, बाळ रात्रभर किरकिरतं. शहरातल्या खासगी दवाखान्यात गेलात तर विचारतात, ‘पेनलेस देऊ का?’ तीत अख्ख्या जंतूऐवजी त्याचे शुद्ध केलेले तुकडे असतात. ताप कमी, किंमत काही हजार. हिचं संरक्षण लवकर ओसरतं, म्हणून बालरोगतज्ज्ञांची संघटनाही पहिल्या तीन डोसांसाठी जुन्या लसीलाच पसंती देते. पण ते सांगत बसायला कुणाला वेळ आहे, आणि दोघंही नोकरीला जाणारे आईबाप रात्र जागायला कुठं तयार आहेत? आम्ही पैसे मोजून ताप टाळतो आणि त्याला ‘चांगली लस’ म्हणतो. गोवंडीतली आई पैसे नसल्यामुळे ताप टाळते, तर तिला अडाणी म्हणतो.

माणसं असं का वागतात याचा पद्धतशीर विचार १९५०च्या दशकात अमेरिकेत सुरू झाला. क्षयासाठी फुकट एक्स-रे काढणाऱ्या गाड्या दारात उभ्या राहत आणि लोक फिरकत नसत. तिथल्या सरकारी आरोग्य खात्यातले मानसशास्त्रज्ञ लोकांशी बोलायला गेले. मला हा आजार होऊ शकतो असं वाटतं का, झाला तर तो किती वाईट असेल, हे केल्यानं मी वाचेन का, आणि करायला काय काय मोजावं लागेल, या चार प्रश्नांभोवती त्यांनी जो आराखडा बांधला तो आजही आरोग्य शिक्षणाच्या वर्गांत शिकवतात. आपल्याकडचं जवळजवळ सगळं आरोग्य-प्रबोधन पहिल्या तीन प्रश्नांना उत्तरं देतं. भिंतीवरची घोषणा, रिक्षावरचा भोंगा, पथनाट्य, फिल्मी ताऱ्याचा हसरा चेहरा. चौथ्या प्रश्नाकडे कुणी फिरकत नाही.

यात आणखी एक अवघड गाठ आहे. न टोचता पोर आजारी पडलं तर ते दैव. टोचून आजारी पडलं तर ते ‘मी केलं’. दोन्हीकडे धोका सारखा असला, किंवा न टोचण्यातला कितीतरी जास्त असला, तरी माणूस न करण्याकडे झुकतो. इलाना रिटॉव्ह आणि जोनाथन बॅरन यांनी १९९०च्या सुमारास हे प्रयोगांतून दाखवलं. आपल्या बायकांना ते दाखवायची गरज नव्हती. सासूच्या मनाविरुद्ध बाळाला टोचून आणलेल्या सुनेला पहिल्याच तापाच्या रात्री ते कळतं.

आणि नुसतं समजावून सांगितल्यानं हे सुटत नाही. लंडनच्या अँड्र्यू वेकफिल्डनं १९९८ मध्ये बारा मुलांच्या आधारावर गोवराच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध जोडला. तो निबंध २०१० मध्ये रद्द झाला, तोवर भीती जगभर पोचली होती. पुढं २०१४ मध्ये अमेरिकेत ब्रेंडन नायहन आणि सहकाऱ्यांनी पालकांना या लसीनं स्वमग्नता येत नाही हे पुराव्यानिशी सांगून पाहिलं. पालकांनी ते मान्यही केलं. पण आधीच धास्तावलेल्यांमध्ये पुढच्या मुलाला लस देण्याची तयारी उलट घटली. म्हणजे एक शंका काढून घेतली तर माणूस दुसरी शोधतो.

याच्या अगदी उलट टोकाचा अनुभव राजस्थानातला. उदयपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी सेवा मंदिर या संस्थेबरोबर प्रयोग केला. काही गावं होती तशीच ठेवली. काही गावांत दरमहा ठरल्या दिवशी न चुकता शिबिर भरवलं. उरलेल्यांत शिबिराबरोबर प्रत्येक सुईला एक किलो डाळ, आणि सगळे डोस पुरे झाले की ताटांचा संच दिला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे असे: होती तशी ठेवलेल्या गावांत पूर्ण लसीकरण ६ टक्के, नुसत्या शिबिराच्या गावांत १८, डाळीच्या गावांत ३९. त्या गावांतही नजर लागण्याच्या समजुती होत्या, सुईची भीती होती. एवढ्या खोल रुजलेल्या समजुती एका किलो डाळीनं हलाव्यात? त्या बहुधा तितक्या खोल नव्हत्याच. एक दिवसाची मजुरी बुडवून, दोन कोस चालून, उपकेंद्राला कुलूप बघून परत आलेली बाई पुढच्या वेळी ‘आमच्यात देत नाहीत’ म्हणते, कारण ‘मला परवडत नाही’ म्हणण्यापेक्षा ते मानाचं असतं. अर्थात डाळ देऊनही साठ टक्के मुलं राहिलीच, हेही त्याच तक्त्यात आहे.

करोनानं हा सगळा खेळ उघड्यावर मांडला. २०२१च्या मे महिन्यात मुंबईतली माणसं लसीच्या स्लॉटसाठी मध्यरात्री मोबाइल धरून बसत होती. ३० मेला कांदिवलीतल्या एका मोठ्या सोसायटीत शिबिर झालं, माणशी १,२६० रुपये, ३९० जणांनी दंड पुढं केले. शिबिर बनावट निघालं. पुढं मुंबईतल्या अशा शिबिरांत फसलेल्यांचा आकडा २,०५३ असल्याचं सरकारनं उच्च न्यायालयात सांगितलं. संशय कशावरून आला? प्रमाणपत्रांवर भलत्याच रुग्णालयांची नावं होती, पैसे रोख घेतले होते, आणि टोचून घेतलेल्या शेकडो माणसांत कुणाला साधी कणकणसुद्धा आली नव्हती. ताप आला नाही म्हणून घाबरलेले हे मुंबईच्या इतिहासातले पहिलेच लोक असावेत. रोग दिसत होता तोवर ताप हा पुरावा होता, मानाचा बिल्ला होता. व्हॉट्सॲपवर लोक थर्मामीटरचे फोटो टाकत होते.

नोव्हेंबरपर्यंत लाट ओसरली आणि उत्साहही. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात लसीकरण राज्याच्या सरासरीच्या बरंच मागं पडलं. जिल्हाधिकाऱ्यांनी आदेश काढला, किमान एक डोस झाल्याचं दाखवल्याशिवाय पेट्रोल नाही, गॅस नाही, रेशन नाही. केंद्रांवर रांगा लागल्या. आदेश कामाला आला, यात वाद नाही. पण रेशन हे लसीच्या बदल्यात द्यायचं बक्षीस कधीपासून झालं? डाळ देऊन बोलावणं आणि असलेली डाळ अडवून बोलावणं यांत फरक आहे. ज्याच्याकडे गाडी आहे तो पेट्रोल दुसऱ्या जिल्ह्यातून भरून आणू शकतो, रेशनकार्डवाली बाई ते करू शकत नाही. त्या रांगेत उभं राहून टोचून घेतलेला माणूस पुढच्या वेळी आपणहून येईल की नाही, याची मोजदाद कुठल्याच तक्त्यात नसते.

दिवाळीनंतर बीड, जालन्याकडची ऊसतोड कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते आणि कामाला नाही गेलं की खाडा, खाड्याचा दंड उचलीत चढतो. कृष्णाकाठच्या एका गावाबाहेर त्यांच्या कोप्यांच्या, म्हणजे झोपड्यांच्या रांगेत लसीकरणाच्या सिस्टरबरोबर मी गेलो होतो. खांद्याला निळा डबा, त्यात बर्फाच्या चार पिशव्यांच्या मध्ये कुप्या. प्रत्येक कुपीवर एक छोटा गोल आणि त्यात फिकट चौकोन. चौकोन गोलाइतका गडद झाला की लस फेकायची. कोप्यांत मोठं माणूस कुणी नाही. टोळी पहाटेच फडात गेलेली. आठ-नऊ वर्षांची एक पोरगी कमरेवर भाऊ घेऊन पुढं आली.

‘आई कुठंय गं?’

‘फडात.’

‘कार्ड?’

‘गावाकडं हाय. पेटीत.’

सिस्टरबरोबर आलेल्या आशाताईंनी पोराचा डावा दंड पुढं ओढून बीसीजीचा व्रण आहे का पाहिलं. होता. पुढचं काही समजायला मार्ग नाही. सिस्टर डब्याकडे बघत उभ्या राहिल्या. गोवराची कुपी पाच डोसांची, एकदा पाण्यात कालवली की चार तासांत संपवायची. एका पोरासाठीसुद्धा फोडा, असा नियम आहे. पण उरलेल्या चार डोसांचा जाब पुढं त्यांनाच द्यावा लागतो. आणि आईशिवाय टोचलं आणि रात्री ताप आला, तर उद्या या रांगेत पाय ठेवता येणार नाही.

संध्याकाळी आई आली. अंगावर उसाची कूस, डोक्यावर वाढ्याचा भारा. सिस्टर काही बोलायच्या आत तीच म्हणाली, ‘बाई, सुईला माझं न्हाई न्हाई. पर मागल्या बारीला लेकरू रातभर तापलं, दुसऱ्या दिशी मांडीवरनं उतरंना. म्या कोयता उचलायचा का लेकराला घ्यायचं? खाडा पडला. मुकादम काय ताप बघतो व्हय?’

गोवराबद्दल तिला विचारलं. तिच्या जावेचं पोर त्यानं गेलं होतं. तिला सगळं ठाऊक होतं.

याच बायकांच्या बाबतीत दुसरी एक गोष्ट आठवते आणि ती अधिक बोचते. २०१९ मध्ये विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढं आलेल्या माहितीनुसार बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींच्या गर्भाशयाची शस्त्रक्रिया झाली होती. पिशवी काढलेल्या. पोटात दुखतंय म्हणून गेलेल्या बाईला ‘पिशवीला सूज आहे, पुढं कॅन्सर होईल’ एवढं सांगणं पुरत होतं. कर्ज काढून शस्त्रक्रिया, आणि त्यासाठी पुन्हा उचल. फुकटची सुई नको म्हणणारी आणि हजारो रुपये मोजून पिशवी काढून घेणारी बाई एकच असू शकते, आणि दोन्ही वेळी ती सुसंगतच वागत असते. सुईनं उद्याचा खाडा पडतो; पिशवी काढली की पाळीचे, अंगावर जाण्याचे, दुखण्याचे खाडे संपतील असं तिला सांगितलेलं असतं. भीती दोन्हीकडे आहे. एका भीतीत कुणाचा तरी धंदा आहे, दुसरीत नाही, म्हणून पहिली तिच्यापर्यंत नीट पोचवली जाते.

सिस्टरांनी त्या कोप्यांवर भाषण दिलं नाही. आधी ताप येणार हे त्यांनीच सांगितलं, किती वेळ राहील ते सांगितलं, पॅरासिटामॉल किती आणि किती वेळा द्यायचं ते बाटलीच्या झाकणावर नखानं खूण करून दाखवलं. मग पोर न टोचताच मुकादमाला गाठलं. कारखाना मध्येच बंद पडतो, गाळप थांबतं, त्या दिवशी फडात तोड नसते. तेवढा एक फोन मला करा, मी डबा घेऊन येते, त्या म्हणाल्या. तो तयार झाला. फोन आलाही. आठवड्यानं बॉयलर बिघडला त्या दुपारी उरलेली सगळी पोरं त्याच रांगेत टोचून झाली, कुपी फोडायचा प्रश्नच आला नाही.

निघताना मुकादम मागून आला.

‘म्याडम, ताप उद्या सकाळपतूर उतरंल न्हवं?’

‘बहुतेक उतरेल.’

‘आन न्हाई उतरला, आन कारखाना चालू झाला तर?’

‘तर त्या बायांचा खाडा धरायचा नाही तुम्ही.’

तो हसला. ‘बघू,’ म्हणाला.